तळहातातलं पातं

१

आमच्या घरातून जाणारी पत्रं तीन ओळींची असतात. पहिली ओळ, वस्तू कुठली. दुसरी, केव्हाची. तिसरी, कशासाठी. खाली नानांची सही. लिलाववाले, संग्रहालयवाले आणि आजोबांच्या ट्रंकेत काहीतरी धारदार सापडल्यामुळे दचकलेले सज्जन गृहस्थ आपापल्या तलवारी-कट्यारी खोक्यात घालून पाठवतात आणि नाना त्यांचं मूळ सांगतात. चाळीस वर्षांत त्यांचं एकही पत्र खोटं ठरलं नव्हतं. नाना म्हणजे माझे वडील.

सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. आता कारभार आटोपला, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नाना म्हणाले, "डोळे काय, फक्त गंज बघायला लागतात. आणि गंज बोटालाही कळतो." तेव्हापासून पुढच्या खोलीतल्या टेबलावर मी जाड कापडाचा तुकडा अंथरते आणि वस्तू त्यांच्या पुढ्यात ठेवते. ते ती आधी तळहातावर तोलतात, मग पात्याच्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवतात, टिचकी मारून कानाशी नेतात आणि शेवटी मुठीचा वास घेतात. मग सांगतात. मी लिहिते, ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवते (ही माझी शाळेतली खोड), कागदावर त्यांचं बोट टेकवते आणि तिथे ते सही करतात. लहानपणी मी काडीसारखी होते आणि माझी बोटं कायम शाईत माखलेली असत, म्हणून ते मला बोरू म्हणतात. आता माझ्या वेणीत काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त आहेत, पण नाव सुटलं नाही. त्या नावानं हाक मारणारा जगात एकच माणूस आहे.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या, नानांची धाकटी बहीण. तिला हा सगळा धंदाच थिल्लर वाटतो. "एवढ्या सुऱ्या घरात," ती म्हणते, "आणि एकीनं धड कांदा चिरला जाईल तर शपथ!"

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती न सांगता पुढचं कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका साध्या कसायाच्या सुरीला नानांनी राजघराण्यातली म्हटलं. मी हसले. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "का गं? चुकलं का काही?" तो चेहरा मी अजून विसरले नाही. "छे," मी म्हणाले, "अगदी बरोबर." कागदावर मी कसाई लिहिला आणि त्यांना राजा वाचून दाखवला. त्यांनी सही केली.

तेव्हापासून दर तीन-चार पत्रांत एक असं जायचं. ते बोलायचे ते घरात राहायचं, खरं असायचं ते टपालात पडायचं. डोळे गेले तेव्हा नाना रडले नव्हते. पण आपला हातही गेला हे त्यांना कळलं असतं, तर मग त्यांच्यापाशी काय उरलं असतं? ते कळू नये, एवढीच माझी धडपड होती. बाकी मला काही नको होतं.

२

त्या सोमवारी एका लिलावघराकडून लहानसं खोकं आलं. सोबत चिठ्ठी होती: आग्नेय आशियातल्या बेटांवरून कुणाच्या तरी पणजोबांनी आणलेली सुरी. बायकांचं छुपं हत्यार असावं असा कयास आहे. नक्की कुठलं, ते कळवावं.

सुरी कसली, ते एक अजब प्रकरण होतं. तळहाताएवढी चपटी लाकडी फळी, तिच्या एका कडेला दोन बोटांएवढं पातळ पातं बसवलेलं आणि फळीतून आडवी आरपार गेलेली वेळूची कांडी. मूठ नाही, टोक नाही. लाकडावर एका जागी खळगा पडला होता. कुणाचा तरी अंगठा तिथे वर्षानुवर्षं टेकला असणार. मी मनात लगेच निकाल लावून टाकला. कांडी मुठीत धरायची, पातं बोटांच्या फटीत लपवायचं आणि जवळ गेल्यावर गळा. आमच्यासारख्यांचं असंच होतं. आयुष्यभर हत्यारं बघितली की धार दिसली रे दिसली की गळा आठवतो.

मी ती नानांच्या हातात दिली आणि तोलण्याची वाट पाहत बसले.

त्यांनी तोललीच नाही. नख फिरवलं नाही, टिचकी मारली नाही. हात नुसता हळूच मिटला. कांडी तळव्यात गेली, अंगठा खळग्यात बसला आणि पातं बोटांआड नाहीसं झालं. तर्जनी तेवढी वाकडी राहिली होती. मग ती तर्जनी वर उचलली गेली आणि जराशी डावीकडे ठेवली गेली. मी असं का लिहिते आहे ते मला ठाऊक आहे. नानांनी ती उचलली नाही. लहान मुलाला पहिल्यांदा पेन्सिल धरायला शिकवताना आपण त्याचं बोट उचलून नीट ठेवतो, तशी ती ठेवली गेली.

"अगं बाई," नाना पुटपुटले, "किती हळू धरायचं असतं हे."

"कसलं हत्यार आहे, नाना?"

"हत्यार नव्हे. भात कापायचं आहे. एकेक कणीस. अख्ख्या खाचरातलं एकेक." त्यांचा अंगठा किंचित हलला, हवेतलं काहीतरी पात्याकडे ओढून घेतल्यासारखा. "बेटावरचं, पण किनाऱ्याचं नाही. आतल्या डोंगरउतारावरचं. पातं दिसू द्यायचं नसतं."

"कुणाला?"

"भाताला. घाबरेल ना ते."

राजघराण्यातली कसायाची सुरी एक वेळ परवडली. भात घाबरतो म्हणजे आता हद्द झाली. मी म्हणाले, "वा, नाना!" आणि कागदावर लिहिलं: स्त्रियांचं छुपं हत्यार, जवळून वार करण्यासाठी. मग तोच कागद समोर धरून भात, खाचर, डोंगरउतार असं सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी पत्र आणि सुरी दोन्ही मी स्वतः टपालात टाकून आले. पावती अजून माझ्याकडे आहे. म्हणजे त्यानंतर जे झालं, तेव्हा ती सुरी घरात नव्हती.

३

आधी नानांची शाल. तिच्या एका टोकाच्या दशा नाहीशा झालेल्या आत्यानं पाहिल्या. फाटलेल्या नव्हत्या, उसवलेल्या नव्हत्या. एकेक दशी मुळाशी स्वच्छ कापली होती. खिडकीच्या कट्ट्यावर त्याच दशांची एक छोटीशी जुडी ठेवलेली होती. सगळी टोकं एका बाजूला, मधोमध दोऱ्याचा एक वेढा.

"उंदीर," आत्या म्हणाली.

"उंदीर जुडी बांधतो?"

"मग तुझा बाप बांधतो. रिकामा बसलेला माणूस काय करील, नेम नाही."

मलाही तेच पटलं. नाना दुपारभर खिडकीशी आरामखुर्चीत बसतात, हाताला चाळा हवा. पण कापलं कशानं? कात्री आत्याच्या शिवणाच्या डब्यात, डब्याला कुलूप आणि किल्ली आत्याच्या कमरेला. माझ्या टेबलावरचं कागद कापायचं पातं इतकं बोथट आहे की त्यानं धड पाकीटही फुटत नाही.

बुधवारी पडद्याची झालर गेली. शुक्रवारी नवी केरसुणी एका बाजूनं अर्धी झाली, आणि कट्ट्यावर तिसरी जुडी आली. आत्यानं केरसुणी माझ्या नाकासमोर नाचवली. "आता हिनं मी झाडू की हिला झाडू?"

शनिवारी दुपारी मी आतल्या खोलीत जुनी पत्रं लावत होते. घर शांत होतं. आत्या वाचता वाचता पेंगली होती, तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तेव्हा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. टिक्. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा टिक्. घड्याळाचा म्हणावा तर त्याला लय नव्हती. प्रत्येक टिक्‌च्या आधी कुणीतरी थांबत होतं, निवडत होतं.

मी उठून दारापर्यंत गेले. नाना खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दोन्ही हात मांडीवर उताणे, रिकामे. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि आवाज थांबला. दचकून नव्हे. घरात पाहुणी बाई काहीतरी गुणगुणत असावी आणि कुणी आलं म्हणून मर्यादेनं गप्प व्हावी, तसा थांबला.

मी स्वतःला समजावलं की लाकडी खुर्ची उन्हानं तापते आणि कुरकुरते. तापलेल्या खुर्च्या टिक्‌ही वाजत असतील. कोण कशाला नाही म्हणेल!

४

डोळे गेल्यापासून नाना घाबरट झाले होते. ते कबूल करत नसत, पण दार वाजलं, भांडं पडलं, वाऱ्यानं कागद उडाला की लगेच "कोण आहे?" झोपताना दिवा चालू ठेवायला लावत. आत्या म्हणायची, "दादा, तुला रे कशाला दिवा? चोराला ठेच लागू नये म्हणून?" तर ते म्हणाले होते, "मला दिसत नाही, ते ठीक आहे. पण मी तर कुणाला दिसायला हवा ना!"

त्या आठवड्यापासून ते "कोण आहे?" विचारायचे थांबले. दिवा मालव म्हणाले. आणि एक दिवस मला म्हणाले, "बोरू, इथे शेजारी एक खुर्ची ठेव गं. बिचारीला उभं राहावं लागतं."

"कुणाला?"

"असंच. कुणी आलं तर."

मी खुर्ची ठेवली. का ठेवली, ते मला सांगता येत नाही. त्यांच्या आवाजात इतका आराम होता की नाही म्हणवलं नाही.

त्याच सुमाराला ते विसरायला लागले. म्हातारपणी माणसं विसरतात, पण ती शोधतात, अडखळतात, चिडतात, शब्द जिभेवर आहे म्हणतात. नानांचं तसं नव्हतं. आपल्या गल्लीचं नाव त्यांना आठवलं नाही. म्हणजे ते नाव जिथे असायला हवं तिथे नुसती मोकळी जागा होती, आणि त्या जागेचं त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पहिल्या साहेबांचं नाव गेलं, ज्यांच्याबद्दल ते चाळीस वर्षं रोज कुरकुरत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ली हा शब्द गेला. रोज एक. ओढून नव्हे, तोडून नव्हे. आणि रोज कट्ट्यावर एक जुडी वाढत होती.

डॉक्टर म्हणाले, वय. आत्या म्हणाली, "विसरायचं काय घेऊन बसलीस! मी तर चहा प्यायले की नाही ते विसरते आणि दुसरा पिते." पण संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आज त्याला आमची आई आठवली नाही गं. मी रडले, तर मलाच समजावत बसला. कोण होती ती म्हणे, चांगली होती का?"

मी कट्ट्यावरच्या जुड्या उचलून फेकून द्यायचं ठरवलं. हातात घेतल्या. इतक्या नीट बांधल्या होत्या की टाकवेनात. मी त्या परत होत्या तशा ठेवल्या, टोकं एका बाजूला करून.

५

पंधरा दिवसांनी लिलावघराचं पत्र आलं. मी ते टेबलाशी उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं.

त्यांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं. आपलं पत्र मिळालं. परंतु आमच्याकडे एक वृद्ध विदुषी येतात. त्यांची तरुणपणाची वर्षं त्याच बेटांवर गेली आहेत. त्यांनी वस्तू पाहताक्षणी सांगितलं की हे हत्यार नाही. भात कापायची सुरी आहे, बायका वापरतात. कांडीच्या घडणीवरून बेटाच्या आतल्या डोंगराळ भागातली दिसते. एका वेळी एकच कणीस कापतात आणि पातं तळहातात झाकून ठेवतात, कारण भातात जीव असतो, पातं दिसलं तर तो भिऊन निघून जातो, अशी तिथल्या जुन्या लोकांची समजूत आहे. आजवर आपलं एकही पत्र चुकलं नव्हतं, म्हणून आश्चर्य वाटलं. तब्येत ठीक आहे ना?

चाळीस वर्षांत नानांच्या सहीचं पहिलं खोटं पत्र. आणि ते मी लिहिलं होतं.

दोन वर्षं मी त्यांना सांभाळून घेतेय, असा माझा तोरा होता. ते बरोबर असतील ही शंकासुद्धा मला शिवली नाही. आता त्यांना सांगायला हवं होतं की नाना, तुम्ही जिंकलात, या वयात, डोळे नसताना, कधी न पाहिलेल्या वस्तूचं मूळ तुम्ही हातात घेताक्षणी सांगितलंत. पण हे सांगायचं तर मग पत्रात दुसरं कसं गेलं, तेही सांगावं लागणार होतं. आणि कसायाची सुरी. आणि तेव्हापासूनची तशी सगळी पत्रं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आत्या म्हणाली. मी तिला सगळं सांगून टाकलं होतं. "नको सांगूस. आता त्याला असं राहिलंय काय? आहे तेवढं राहू दे."

पण रोज एक जात होतं. आज सांगितलं नाही, तर उद्या कदाचित सुरी हा शब्दच नसेल. ते बरोबर होते हे ऐकायला मग आत कुणी उरणार नव्हतं.

६

दुपारी तीनच्या सुमाराला मी पत्र घेऊन पुढच्या खोलीत गेले. टिक् ऐकू येत होतं. मी उंबऱ्यात थांबले आणि या वेळी ते थांबलं नाही. माझी सवय झाली असावी.

"ये, बोरू," नाना म्हणाले.

शेजारची खुर्ची त्यांच्या खुर्चीला अगदी लागून होती. मी ती हातभर अंतरावर ठेवली होती. तिच्याकडे न बघता मी स्टुलावर बसले.

"नाना, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. पत्रांबद्दल."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू दुसरंच लिहितेस ते." ते हसले. "अगं, तू खरं वाचतेस ना, तेव्हा ओळीखाली बोट फिरवतेस. कागद वाजतो. मी सांगितलेलं तू पाठ म्हणून दाखवायचीस, तेव्हा कागद गप्प. दोन वर्षं मधूनमधून कागद गप्प आहे. कान थोडेच गेलेत माझे?"

तोंडातून एवढंच निघालं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू इतकं जपून धरलं होतंस, मला दिसू नये म्हणून. मी कशाला मान वर करून बघू?" त्यांनी हात पुढे केला, माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. "पहिल्यांदा कागद गप्प झाला, तेव्हा आठ दिवस झोप आली नव्हती मला. मग म्हटलं, पोरगी एवढी मेहनत घेतेय आपण घाबरू नये म्हणून, तर आपण घाबरून तिची मेहनत वाया का घालवायची!"

मी रडले. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, स्टुलावर बसून हुंदके देत रडले. मग डोळे पुसले, पत्र उघडलं आणि ओळीखाली बोट फिरवत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. कागद वाजत होता. नाना मान वाकडी करून तो आवाज ऐकत होते.

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"अक्षरन् अक्षर."

"बघ!" त्यांनी मांडीवर थाप मारली. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. तो चेहरा बघायला मिळाला, याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते मला अजून कळलेलं नाही.

"पण नाना, तुम्हाला कळलं कसं?"

"तिनं बोट धरून दाखवलं ना."

"कुणी?"

"विचारलं नाही मी. फार लाजरी आहे." ते थोडे थांबले. "आणि हळू आहे. मला वाटायचं, हे सगळं कसं एकदम उपटून नेतील, मुळापासून, मी ओरडत असताना. तसं काही नाहीये गं. एकेक. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही."

टिक्.

खिडकीतलं ऊन समोरच्या कपाटाच्या काचेवर पडलं होतं. मी काचेकडे पाहिलं, कारण सरळ बघायचं मला धाडस झालं नाही. काचेत नानांचं डोकं होतं, विरळ पांढरे केस होते. कानशिलापाशी एक हात होता. बाईचा, वयस्क, लहानसा. पेरांमध्ये वाळलेला चिखल. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. तळवा आत वळवलेला होता, नानांपासून आणि माझ्यापासूनही झाकलेला. अंगठा हळूच हलला.

मनगटाच्या वर काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहता आलं असतं. मान वर करायचाच अवकाश होता.

ओरडले असते तर ती गेली असती, हे मला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं. आणि मग नाना उरले असते, अर्धेमुर्धे कापलेले, दिवा लावून झोपणारे, कोण आहे, कोण आहे विचारणारे. मी ओठ घट्ट मिटले.

"अजून बरंच राहिलंय का, नाना?"

"थोडं आहे. या कोपऱ्यातलं." मग त्यांनी आवाज खाली आणला, जणू शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये. "तुझं नाव शेवटी घ्यायला सांगितलंय मी. ऐकते ती. आत्तापर्यंत तरी ऐकलंय."

७

त्याच संध्याकाळी आम्ही नवं पत्र लिहिलं. नानांनी सांगितलं तसं, एक शब्द न बदलता. कुठलं: बेटावरच्या आतल्या डोंगरउतारावरचं. केव्हाचं: लाकडात अंगठा उतरेल इतकं जुनं. कशासाठी: कापताना भाताला भीती वाटू नये म्हणून. लिलाववाले हसतील, हे मला ठाऊक होतं. हसोत. कागद खणखणीत वाजला आणि नानांनी त्यावर सही केली. ती त्यांची शेवटची सही. दुसऱ्या दिवशी सही म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी उठल्यावर मी चूळही न भरता पुढच्या खोलीत जात असे. दारात उभी राहून कान टवकारत असे. "बोरू का?" ते विचारायचे, आणि माझा दिवस सुरू व्हायचा. मधल्या काळात आत्या गेली. म्हणजे त्यांच्यातून गेली. तिनं मनाला लावून घेतलं नाही. "बरंच झालं," म्हणाली, "आता नव्यानं ओळख करून घेऊ. जुनी बहीण त्याला फारशी पसंत नव्हतीच." आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

घराचं नाव गेलं, ऋतू गेले, पोलाद गेलं. कट्ट्यावर जागा उरली नाही, तेव्हा मी जुड्यांसाठी खाली एक फळी ठोकली. नाना हलके होत चालले होते. त्यांचा चेहरा इतका शांत मी लहानपणीही पाहिला नव्हता. "बोरू का?" "हो, नाना." अकरा सकाळी असं झालं.

बाराव्या सकाळी मी दारात उभी राहिले आणि ते काही बोलले नाहीत.

कट्ट्यावर एक नवी जुडी होती, सगळ्यांत बारीक. मी जवळ जाऊन पाहिलं. केस होते, बरेचसे पांढरे, थोडे काळे. मी वेणी पुढे घेतली. टोक स्वच्छ कापलेलं होतं, पेरभर. कधी कापलं, मला कळलंसुद्धा नव्हतं.

नानांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "कोण आहे?" त्यांनी विचारलं. पण पूर्वीसारखं नव्हे. दारी आलेल्या माणसाला आत बोलवावं, तसं.

माझ्या घशाशी जे आलं होतं ते मी तिथेच मिटून धरलं. त्यांना दिसू नये म्हणून.

"कुणी नाही," मी म्हणाले. "पत्रं लिहिते मी इथे."

"हो का? बसा ना."

शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर बसले. बैठक ऊबदार होती. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तो सुटू नये म्हणून असेल, फार घट्ट धरला. त्यांनी दुसऱ्या हातानं चाचपत माझी तर्जनी शोधली, उचलली आणि जराशी डावीकडे ठेवली.

"असं नाही, बाई," ते म्हणाले, "हळू धरा. घाबरू नका."